एका नुक्त्याची गोष्ट



‘बे’च्या खाली एक नुक्ता, ‘ते’च्या वर दोन, ‘से’च्या वर तीन. कायदा हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला धडा हाच. नुक्ता हलला की अक्षर बदलते आणि अक्षर बदलले की शब्दाचा अर्थच पालटतो. म्हणून आपले उस्ताद एकेका नुक्त्यावर बोट ठेवून घेतात. आजचा लेख संगणकाच्या पडद्यावरच्या चित्राविषयी आहे. हे चित्र कसे तयार होते, दुसऱ्या ठिकाणी वेगाने कसे पोहोचवायचे आणि ते पोहोचवताना कोणती काळजी घ्यायची, हे आपण पाहणार आहोत. पण या गोष्टीची सुरुवात एका नुक्त्यापासूनच झाली.

माझी मोठी बहीण खेडला असते. तिच्या नणंदेची दोन आणि जावेची तीन मुले कुवेतमध्ये आहेत. त्या पाचही जणांना आपा रोज संध्याकाळी ऑनलाइन नाजिरा शिकवते. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे इकडे मगरिब झाली की तिकडे मुले शाळेतून येऊन, जेवून बसलेली असतात. सुरुवातीला ती मीटिंगच्या ॲपवर कुरआनचे पान दाखवत असे. गावात नेट कमजोर झाले की पान पुसट व्हायचे. एके दिवशी धाकट्याने ‘ते’ला ‘बे’ वाचले. आपा रागावली. तो रडवेला होऊन म्हणाला, “मामी, मला एकच डाग दिसतोय, आणि तो वर आहे की खाली तेच कळत नाही!”

मुलाची चूक नव्हती. फोटो आणि व्हिडिओ पाठवण्याच्या बहुतेक पद्धती चित्र दाबून लहान करतात. जेपीईजी ही त्यांतली सर्वांत ओळखीची. ती चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जितका कमी ठेवता येईल तितका ठेवते. रंगाचा तपशील तर बहुधा त्याहूनही कमी ठेवला जातो. माणसाचा चेहरा, आकाश, झाडे यांत हे लक्षात येत नाही. पण नुक्ता, जबर, जेर, तश्दीद हा सगळा बारीक तपशीलच असतो. नेमका तोच आधी धूसर होतो.

आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, “मामू, आवाज मीटिंगवरच राहू दे. पान पाठवणारा प्रोग्राम मी लिहितो.” त्याला तो नीट जमेपर्यंत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत तो जे शिकला, ते या विषयाचा अभ्यास करणाऱ्या मुला-मुलींना उपयोगी पडेल, आणि शेवटी जे कळले ते प्रत्येक घराला.

आधी हिशेब

पडदा म्हणजे पिक्सेलची जाळी. आपाच्या लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 आहे, म्हणजे 10,49,088 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवायला साधारणपणे 4 बाइट लागतात. एका चित्राचे झाले 41,96,352 बाइट. सेकंदाला दहा चित्रे घ्यायची म्हटली तर दर सेकंदाला सुमारे 4 कोटी 20 लाख बाइट वाचायचे, तपासायचे आणि पाठवायचे. गावातल्या नेटला हे पेलणारे नव्हते.

भाच्याने विचार केला की पान काही सारखे बदलत नाही. आधीचे चित्र आणि आताचे चित्र ताडून पाहू आणि जे बदलले तेवढेच पाठवू. विचार योग्यच होता. पण त्याने सी शार्पमध्ये ‘गेटपिक्सेल’ हे फंक्शन वापरून एकेक पिक्सेल विचारायला सुरुवात केली. एका चित्रासाठी दहा लाखांहून जास्त वेळा तेच फंक्शन बोलवायचे आणि दर वेळी त्या फंक्शनने सगळी तपासणी नव्याने करायची. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला आणि एका चित्राला दोन-अडीच सेकंद लागू लागले.

मी त्याला विचारले, “दुकानातून पाच किलो तांदूळ आणायचे असतील तर तू एकेक दाणा आणायला दहा लाख खेपा घालशील का?” डॉट नेटमध्ये ‘लॉकबिट्स’ नावाची सोय आहे. तिने चित्राची सगळी स्मृती एकदाच आपल्या हाती येते आणि मग ओळीच्या ओळी एका दमात ताडता येतात. हे केल्यावर सेकंदांचे काम मिलिसेकंदांत होऊ लागले. लॅपटॉप तोच होता, फक्त खेपा कमी झाल्या.

स्मृतीतली ओळ आणि पडद्यावरची ओळ

लॉकबिट्स वापरणाऱ्या नवशिक्यांना तीन ठेचा हमखास लागतात. भाच्याला तिन्ही लागल्या.

पहिली ठेच ओळीच्या लांबीची. जागा वाचवायला त्याने पिक्सेलला 4 ऐवजी 3 बाइट घेतले. 1366 गुणिले 3 म्हणजे 4098. पण विंडोज बिटमॅपची प्रत्येक ओळ 4 च्या पटीत ठेवते, म्हणून स्मृतीत ओळ 4100 बाइटची असते. या लांबीला ‘स्ट्राइड’ म्हणतात. ते दोन जादा बाइट हिशेबात न धरल्यामुळे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकत गेली आणि कुरआनचे पान तिरपे होऊन रंगीबेरंगी दिसू लागले.

दुसरी ठेच रंगांची. आपण लाल, हिरवा, निळा असा क्रम म्हणतो, पण विंडोजच्या बिटमॅपमध्ये बाइट निळा, हिरवा, लाल या क्रमाने असतात. आपाकडे तजवीदचे रंगीत पान होते. ती म्हणे, “लाल अक्षरावर थांब,” आणि मुलांना तिकडे लाल अक्षर सापडेना, कारण लालाचे निळे झाले होते.

तिसरी ठेच काठाची. तुलनेसाठी त्याने पडद्याचे 64 बाय 64 चे चौकोन पाडले. उंची बरोबर भागली, 12 रांगा झाल्या. पण 1366 ला 64 ने भागले तर 21 चौकोन होऊन 22 पिक्सेल उरतात. ती उरलेली पट्टी त्याने सोडून दिली. इंग्रजी मजकूर असता तर कदाचित कोणाला कळलेही नसते. पण ती पट्टी उजव्या काठाची, आणि अरबीची ओळ तिथूनच सुरू होते! पान मोठे करून दाखवले की पहिले अक्षर मागच्याच पानाचे राहायचे. शेवटी 22 स्तंभ आणि 12 रांगा मिळून 264 चौकोन झाले, शेवटचा स्तंभ अरुंद, आणि पट्टी जागेवर आली.

बदललेले चौकोन तो पीएनजी पद्धतीने पाठवू लागला. पीएनजी काहीही टाकून देत नाही, जसे होते तसेच परत मिळते. फोटोसाठी ती जड पडते, पण पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांसाठी उत्तम. नुक्ता आता कुवेतलाही नुक्ताच दिसू लागला. आपाने पेनने एखाद्या शब्दाखाली रेघ ओढली आणि चार चौकोन बदलले, तर दाबण्याआधी 65,536 बाइट. पूर्ण चित्राच्या सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यात काम भागले.

पन्नास वर्षांची जुनी युक्ती

पडद्याचे चित्र उचलायला त्याने जे फंक्शन वापरले, ते आतून ‘बिटब्लिट’ला हाक मारते. या नावाची गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली आहे. पालो अल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे 1973 साली ‘अल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, 606 बाय 808 पिक्सेलचा, फक्त काळा-पांढरा. 4,89,648 पिक्सेल, प्रत्येकी एक बिट, म्हणजे 61,206 बाइट. आज हसू येईल, पण त्या यंत्राची मूळ स्मृतीच 128 किलोबाइट होती. जवळपास निम्मी स्मृती एकट्या पडद्यालाच लागायची.

इतक्या तुटपुंज्या साधनांत खिडक्या हलवायच्या, अक्षरे सरकवायची, मेनू उघडून बंद करायचे कसे? तिथले प्रोग्रामर डॅन इंगल्स यांनी 1975 मध्ये यावर एकच सामाईक क्रिया बसवली. चित्राचा एक आयत उचलायचा आणि ठरवलेल्या नियमाने दुसऱ्या जागी ठेवायचा. नियम म्हणजे जसाच्या तसा ठेवणे, खालच्या चित्रात मिसळणे किंवा उलटा करणे. अक्षर काढणे, पान वर सरकवणे, खिडकी हलवणे, सगळे याच एका क्रियेतून होऊ लागले. पुढे विंडोजने हीच क्रिया याच नावाने घेतली आणि ती आजही चालू आहे.

अर्थात काळ बदलला आहे. आता प्रत्येक खिडकी आधी ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत रंगवली जाते आणि मग सगळ्या एकत्र पडद्यावर येतात. तिथून चित्र परत वाचायला वेळ लागतो. म्हणून विंडोज 8 पासून ‘डेस्कटॉप डुप्लिकेशन’ नावाची वेगळी सोय आली. पडद्याचा कोणता भाग बदलला हे त्यात विंडोज स्वतःच सांगते. नव्याने प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती जरूर अभ्यासावी.

हरवलेले बोट, लुकलुकणारे पान, सतरावे मिनिट

चित्र स्वच्छ जाऊ लागले, तरी मुले विचारू लागली, “मामी, तुम्ही कुठे वाचताय?” आपा माउसचा बाण अक्षराखाली धरून शिकवायची, आणि तिकडे बाणच दिसत नव्हता. कारण साधे आहे. बिटब्लिटने पडदा उचलला तर माउसचा बाण त्यात येत नाही, तो वेगळा रंगवला जातो. भाचा तो बाण चित्रात घालण्याच्या खटपटीत होता. मी म्हटले, “घालतोस कशाला? बाण कुठे आहे एवढेच सांग. दोन आकडे. तिकडचा प्रोग्राम बाण काढून घेईल.” फक्त ते आकडे पिक्सेलमध्ये न देता पानाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात द्यायचे, कारण मुलांचा पडदा वेगळ्या मापाचा असतो.

मग तिकडून तक्रार आली की पान लुकलुकते, डोळे दुखतात. प्रोग्राम दर वेळी खिडकी आधी पांढरी करायचा आणि मग त्यावर चित्र काढायचा. ते मधले पांढरे डोळ्याला टोचते. यावरचा उपाय ‘डबल बफरिंग’. चित्र आधी स्मृतीतच पूर्ण रंगवायचे आणि तयार झाल्यावर एका झटक्यात पडद्यावर आणायचे. पाहुण्यांसमोर एकेक वाटी मांडत बसण्याऐवजी स्वयंपाकघरातच थाळ सजवून बाहेर आणावा, तसे.

शेवटचा दोष सर्वांत चमत्कारिक. धडा सुरू झाला की सतराव्या मिनिटाला आपाचा प्रोग्राम बंद पडायचा. आधी नाही, नंतर नाही. मुले तर घड्याळाकडे डोळे लावून बसू लागली! विंडोज एका प्रोग्रामला साधारणपणे 10,000 पर्यंतच चित्रकामाच्या वस्तू एका वेळी हाताशी ठेवू देते. भाचा प्रत्येक चित्रासाठी ‘गेटएचबिटमॅप’ने एक वस्तू मागून घ्यायचा आणि ‘डिलीटऑब्जेक्ट’ने परत करायला विसरायचा. सेकंदाला दहा या वेगाने दहा हजार पुरे व्हायला हजार सेकंद लागतात, म्हणजे 16 मिनिटे 40 सेकंद. मंडपवाल्याकडून रोज देग आणायची आणि एकही परत करायची नाही, तर एक दिवस तो हात जोडणारच. घेतलेले परत करणे प्रोग्रामिंगमध्येही चुकत नाही.

जो दोष प्रोग्राममध्ये नव्हता

आता सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच खरी चूक उघडी पडली.

एका संध्याकाळी आपा शिकवत होती. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एका नातेवाईक बाईंचा संदेश आला. त्यांच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. मुलाकडच्यांनी काय विचारले, आपल्याला काय खटकते, हे त्यांनी आपाला मोकळेपणाने लिहिले होते. प्रोग्राम आता इतका चलाख झाला होता की बदललेले चौकोन त्याने क्षणात टिपले, जराही धूसर न करता कुवेतला पोहोचवले. तिकडे मुलांच्या मागे बसलेल्या मोठ्यांनी ते वाचले. आणि बोलणी ज्या घराशी चालली होती, ते घर त्यांच्या ओळखीचे निघाले.

दोन दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “आपा, मी फक्त तुम्हाला सांगितले होते.” आपाने आठवडाभर वर्ग बंद ठेवला. त्या घरी स्वतः जाऊन तिने माफी मागितली.

भाचा मान खाली घालून म्हणाला, “मामू, प्रोग्रामने तर बरोबरच काम केले.” तेच तर. पडदा टिपणाऱ्या प्रोग्रामला कुरआनचे पान, बँकेची शिल्लक आणि कोणाच्या मुलीची गोष्ट यांत फरक कळत नाही. त्याला सगळे पिक्सेलच. फरक आपण करायचा असतो. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम केल्याशिवाय न शिरण्याची शिकवण आहे. आज आपला पडदा म्हणजे घराचाच एक भाग झाला आहे, आणि त्यात आपल्याबरोबर ज्यांनी आपल्याला विश्वासाने काही लिहिले तेही राहतात. त्यांची गोष्ट ही आपल्याकडे अमानत असते.

पडदा टिपलाच नाही तर?

आम्ही दोघे पुन्हा पहिल्यापासून विचार करायला बसलो. मुलांना नेमके काय हवे आहे? पान आणि आपाचे बोट. मग सगळा पडदा कशाला उचलायचा? त्याच छपाईच्या कुरआनच्या पानांची चित्रे मुलांच्या संगणकावर एकदाच ठेवली. आता आपाकडून फक्त पान क्रमांक आणि बाणाचे दोन आकडे जातात. प्रत्येकी दोन बाइट धरले तर सहा बाइट. कुठे बेचाळीस लाख आणि कुठे सहा! नेट कितीही कमजोर असो, पान स्वच्छ दिसते, कारण ते तिथेच आहे.

आपाला कधी स्वतः अक्षर काढून दाखवायचे असते. त्यासाठी प्रोग्राममध्येच एक कोरी पाटी दिली. त्या पाटीवर काढलेले प्रोग्रामच्या स्वतःच्या स्मृतीतून जाते, पडद्यावरून उचलले जात नाही. त्यामुळे पाटीवर दुसऱ्या कोणाचा संदेश झळकला तरी तो आपाच्याच पडद्यावर राहतो. चौकोन, स्ट्राइड, पीएनजी हे सगळे शिकलेले त्या पाटीसाठी कामी आले.

तीन महिने आम्ही वेग शोधत होतो आणि प्रत्येक वेळी तो एकाच ठिकाणी सापडला, अनावश्यक काम सोडण्यात. दहा लाख खेपा सोडल्या, न बदललेले चौकोन सोडले, शेवटी पडदाच सोडला. आणि जे घेतलेच नाही ते चुकून बाहेरही जाऊ शकत नाही. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, ही सूरह आराफमधली शिकवण आपण दस्तरखानावर मुलांना सांगतो. ती संगणकासमोर बसलेल्या मुलांनाही सांगायला हवी. जेवढे लागते तेवढेच घ्यावे. त्याने काम हलके होते आणि अमानतही सांभाळली जाते.

घरोघरी एवढे करावे

ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही, त्यांनीही या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

ऑनलाइन वर्गात पडदा दाखवताना पूर्ण पडदा निवडू नये. बहुतेक ॲपमध्ये एकच खिडकी दाखवण्याचा पर्याय असतो, तो घ्यावा. त्याआधी संदेशांच्या सूचना बंद कराव्यात. मोबाइलवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि संगणकावर तशीच सोय असते.

मजकुराचे, हिशेबाचे किंवा अरबी-उर्दूचे चित्र पाठवायचे तर शक्य असेल तिथे ते पीएनजीमध्ये, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवले की ॲप ते दाबून लहान करते.

अनोळखी माणूस फोनवर “तुमचा पडदा शेअर करा” म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. बँकेचा ओटीपीदेखील शेवटी पडद्यावरचे काही पिक्सेलच असतात.

आणि कोणाच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवण्यापूर्वी, ज्याने तो लिहिला त्याला विचारावे. विचारायला संकोच वाटत असेल, तर पाठवायचा नाही हे तिथेच ठरले.

आपाचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. त्या बाईंनीच तिला फोन करून सांगितले, “मुलांचा सबक थांबवू नका.” परवा मी खेडला गेलो होतो. धाकटा वाचत होता. एका शब्दावर तो अडखळला, पडद्याच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, “मामी, दोन नुक्ते. वर. ‘ते’ आहे.” आपाने माझ्याकडे पाहिले आणि अल्हमदुलिल्लाह म्हणून पुढचे पान उलटले.

सहा बाइट कुवेतला पोहोचले.